पूर्वपक्षाचे वर्षासन

बिदरचे नाव मराठी माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडते ते बहुधा वसुलीच्या गोष्टीत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना मोकळी केली. बिदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसे धाडली आणि पंत पोचायच्या आत विठू महार दरबारात जाऊन धान्याची किंमत मोजून, पावती घेऊन आला. दासोपंतांची कथाही त्याच दरबारातली. वडील दिगंबरपंतांना वसूल भरता आला नाही, म्हणून कोवळा मुलगा ओलीस राहिला. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार म्हणून कोणी आला आणि बाकी चुकती करून गेला. बिदर जिल्ह्यातल्याच कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवण्णांवर आळ आला, की बिज्जळाचे भांडारी असताना त्यांनी राजाचा पैसा शरणांच्या, म्हणजे आपल्या शिवभक्त अनुयायांच्या, पंगतीत उधळला. तिजोरी मोजली, तर सगळी रक्कम जागच्या जागी. चौथी गोष्ट मात्र इतिहासातली आहे. १४८१ साली बहमनी सुलतानाने आपला वजीर महमूद गवान याचा शिरच्छेद करवला आणि मग त्याची संपत्ती किती ते पाहायला खजिनदाराला बोलावले. फारसे काही निघाले नाही. वजिराची एक थैली राज्याच्या खर्चाची होती आणि दुसरी गोरगरिबांची. स्वतःचे पोट तो जुन्या व्यापारावर भरत होता, असे फरिश्ता सांगतो. पहिल्या तीन गोष्टींत चमत्कार घडतो आणि माणूस सुटतो. चौथीत चमत्कार नाही, त्यामुळे हिशेब डोके उडाल्यावर झाला.

या भागाला हिशेबाची ही खोड जुनी दिसते. कोणी परोपकारात पैसा घातला की मागून तपासनीस येतोच, आणि त्यात वावगे काही नाही. धान्य दिले तर किती पोटे भरली ते मोजता येते. विहीर बांधली तर पाणी लागले की नाही ते दिसते. दवाखाना काढला तर रोगी बरे होतात किंवा होत नाहीत. पण समजा एखाद्या सावकाराने, सेनापतीने किंवा गिरणीमालकाने पैसा दिला तो 'जे आहे ते मुळात काय आहे' एवढाच विचार करत बसणाऱ्या माणसांना. नसणे ही एक वस्तू आहे का? भ्रम होतो तेव्हा नेमके काय होते? 'मी' म्हणतो तो कोण? पंडित याला सत्तामीमांसा म्हणतात. हजारो वर्षे हे चालू आहे आणि निकाल लागलेला नाही. अशा दानाचा हिशेब तपासायचा कसा?

मला वाटते, तो तपासता येतो, आणि कसोटी एकच पुरते. दात्याने ज्या मताला आपले मानले, त्याच्या विरोधकाचे जेवण त्या दानातून निघते का? निघत असेल तर पैसा चिंतनावर खर्च झाला. निघत नसेल तर तो प्रचारावर झाला, भले मग प्रचार कितीही उदात्त गोष्टीचा असो. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत याच अंगाने जाते. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडायचा, तोही इतका जोरकस की वाचणाऱ्याला क्षणभर तोच खरा वाटावा, आणि मग सिद्धान्ताकडे वळायचे. पूर्वपक्ष दुबळा मांडणाऱ्याला पंडितांच्या सभेत मान नसे. ग्रंथात जे शब्दांनी करायचे ते दात्याने वर्षासनांनी करायचे, एवढाच फरक.

हे सांगायला मला दूर जावे लागत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात चित्तापूरला लागून नागावी नावाचे गाव आहे. आता तिथे यल्लम्माची जत्रा भरते, पडकी देवळे आहेत आणि कन्नड शिलालेख आहेत. १०५८ सालच्या एका लेखात इथल्या घटिकास्थानाची हकिगत आहे. कल्याणच्या गादीवर तेव्हा चालुक्यांचा पहिला सोमेश्वर होता, ज्याला त्रैलोक्यमल्ल म्हणत. त्याचा मधुसूदन नावाचा एक दंडनायक होता. त्याने इथे देवालये उभारली आणि सोबत विद्यास्थान चालवायची तजवीज केली. वेद शिकणारे दोनशे, शास्त्र शिकणारे बावन्न. त्यांच्या अन्नवस्त्राची सोय दानातून. वेदांचे आचार्य तीन आणि शास्त्रांचेही तीन. शास्त्रांच्या तिघांत एक व्याकरणातल्या न्यासाचा, एक भाट्टदर्शनाचा, एक प्राभाकरांचा. शिवाय सहा सरस्वतीभांडारिक, म्हणजे ग्रंथपाल.

भाट्ट आणि प्राभाकर हे दोन शब्द आपण सहज वाचून पुढे जातो. तिथे थोडे थांबले पाहिजे, कारण ही दोन्ही घराणी एकाच मीमांसेची असली तरी एकमेकांचे पाणी पीत नव्हती.

ओट्यावर घागर असते, आज नाही. तुम्ही पाहता आणि म्हणता, 'घागर नाही.' हे तुम्हाला कशाने कळले? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, डोळ्यांना दिसला तो ओटा. 'नाही' हे डोळ्यांना दिसत नाही. ते कळण्याचे साधन वेगळेच, अनुपलब्धी, सहावे प्रमाण. अभाव हा खरा पदार्थ आहे आणि तो जाणायची स्वतंत्र वाट आहे. प्रभाकराचे लोक म्हणतात, उगाच गर्दी वाढवू नका. तिथे मोकळा ओटा आहे आणि तो मोकळा ओटा दिसला, इतकेच घडले. अभाव नावाचे वेगळे काही जगात नाही आणि प्रमाणे पाचच आहेत.

भ्रमाचेही तसेच. वाळूत शिंपला चमकतो आणि आपण रुपे समजून वाकतो. भाट्ट म्हणतात, एक वस्तू दुसरीच म्हणून कळली, ज्ञान उलटे झाले. प्राभाकर म्हणतात, ज्ञान कधी खोटे नसतेच. 'हे' दिसले ते खरे, रुपे आठवले तेही खरे. दोहोंतला भेद ध्यानात आला नाही, एवढेच चुकले. यावर या दोन घराण्यांत पिढ्यान् पिढ्या ग्रंथ लिहिले गेले.

आता मधुसूदन दंडनायकाकडे पाहा. त्याने या दोन्ही बाजूंना एकाच आवारात आचार्यपद दिले. सेनापती माणूस. शत्रूची रसद तोडणे हा त्याचा धंदा आणि इथे तो दोन्ही छावण्यांना रसद पुरवतो आहे. कोणाचे मत त्याला पटत होते, याला त्या व्यवस्थेत काही वजन नाही. बावन्न पोरांपैकी जो सकाळी अभाव खरा मानायला शिकला, त्याला दुपारी ओसरीवर अभाव न मानणारा भेटणार होता आणि रात्री दोघे एकाच पंगतीला बसणार होते. अशा जागी माणसाला आपले मत रोज नव्याने कमवावे लागते.

आणि ते सहा ग्रंथपाल. दोनशे बावन्न विद्यार्थी आणि सहा आचार्य यांच्यामागे सहा ग्रंथपाल, म्हणजे जितके शिकवणारे तितकेच पोथ्या सांभाळणारे. आज एखाद्या कॉलेजच्या मॅनेजमेंटपुढे हे प्रमाण ठेवून पाहा. पण ज्याने दोन्ही बाजू पोसायचे ठरवले, त्याला हे कळणारच. विरोधक नेहमी जिवंत हजर असतो असे नाही. पुष्कळदा तो पोथीत असतो आणि पोथीला वाळवी लागली की त्याची बाजूच बंद पडते.

कोणी म्हणेल, हे खाजगी दान कसे? दंडनायकाचा पैसा म्हणजे राज्याचाच पैसा. आक्षेप रास्त आहे. अकराव्या शतकात राज्याचे कुठे संपते आणि माणसाचे कुठे सुरू होते, ही रेघ आजच्यासारखी ठळक नव्हती. पण दान दिले त्याच्या नावाने दिले आणि पुण्य त्याच्या खात्यावर चढले. राजाने दिले असते तर राजाला जे मागावेसे वाटते ते कदाचित मागितले गेले असते.

राजा काय मागतो ते कलबुर्गीनेच पाहिले आहे. हजरत गेसूदराज बंदेनवाज उतारवयात इथे आले, तेव्हा फिरोजशहा बहमनीने त्यांचे स्वागत केले. फिरोजशहा स्वतः विद्येचा शौकीन, ज्योतिर्गणिताचा नाद असलेला. गेसूदराजही नुसते दुवा देणारे फकीर नव्हते. इब्न अरबीच्या एकसत्तावादाला खोडून काढणारे ते कडवे विचारवंत होते. दोघांचे जमायला हवे होते. पण सुलतानाला आपल्या मुलाच्या वारसाहक्कासाठी आशीर्वाद हवा होता. तो मिळाला नाही. मग किल्ल्याजवळ गर्दी फार होते असे कारण निघाले आणि त्यांची खानकाह, म्हणजे मठ, तिथून हलवावी लागली. १४२२ साली हजरत वारले आणि आज उरुसाला लाखो माणसे जातात ती त्या हललेल्या जागी. अन्नदात्याला सत्याखेरीज आणखी काही हवे असले की ते अशा वेळी बाहेर येते.

महमूद गवानची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला त्याच्याबद्दल जरा हळवेपण आहे, हे आधीच सांगून टाकतो. इराणच्या गिलानमधला हा व्यापारी १४५३च्या सुमारास बिदरला आला, पुढे मलिक-उत-तुज्जार झाला आणि मग वजीर. राज्याचा कारभार हाती असताना त्याने बिदर शहरात मदरसा बांधला. १४७२ हे त्याचे साल सांगतात. तीन मजले, निळ्या-पिवळ्या फरशांची नक्षी, उंच मिनार, तीन हजार ग्रंथ. हा खर्च त्याने स्वतःच्या मिळकतीतून केला, असे इतिहासकार मानतात. त्याच्या पत्रांचा संग्रह, 'रियाज-उल-इन्शा', आजही वाचला जातो. हेरातच्या जामीला लिहिलेली पत्रे त्यात आहेत. जामी काही बिदरला आला नाही.

पण एक ग्रंथ आला. शिराजमध्ये जलालुद्दीन दवानी नावाचा तत्त्वज्ञ होता. सुहरावर्दीच्या 'हयाकिल-उन-नूर' या छोट्या ग्रंथावर त्याने भाष्य लिहिले आणि ते अर्पण केले ख्वाजा महमूद गवानला. सुहरावर्दीचे म्हणणे असे, की जे काही आहे ते प्रकाश आहे. वस्तूवस्तूंतला फरक म्हणजे कमीअधिक उजेडाचा फरक. या विचारांपायी उलेमांचा रोष ओढवून ११९१ साली अलेप्पोत त्याला जीव गमवावा लागला होता. त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी त्याच्या ग्रंथावरचे भाष्य समुद्रापलीकडून दख्खनच्या पठारावरच्या एका व्यापारी वजिराच्या नावे येते. ग्रंथ अर्पण करण्यामागे दात्याच्या औदार्याची अपेक्षा असे, ही त्या काळाची रीतच होती. तरी सत्ता म्हणजे काय यावर लिहिणाऱ्याला शिराजमध्ये बसून बिदर आठवावे, यात गवानने मिळवलेला लौकिक दिसतो.

आता कसोटी लावू. या भाष्याला पुढे तगडा विरोधक मिळाला. शिराजच्याच गियासुद्दीन मन्सूर दश्तकीने दवानीचे एकेक म्हणणे खोडायला त्याच मूळ ग्रंथावर दुसरे भाष्य लिहिले. म्हणजे पूर्वपक्ष-उत्तरपक्ष उत्तम रंगला, पण तो शिराजमध्ये. बिदरच्या वाट्याला अर्पणपत्रिका आली, वाद आला नाही. गवानने दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे स्थानिक आणि बाहेरून आलेले, या दोन गटांत सुभेदाऱ्या तोलून वाटल्या होत्या. विरोधकाला वाटा द्यावा हे त्याला राजकारणात कळत होते आणि तरीही एका बनावट पत्राने त्याचा घात झाला. विद्येत मात्र त्याचे काम एका माणसाच्या लौकिकावर उभे होते. तो माणूस गेला आणि इमारत राहिली. पुढे मोगल अमलात, १६९६ साली, तिथे साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन इमारतीचाही मोठा भाग गेला. उरलेला आपण तिकडे गेलो की पाहून येतो.

दानाला आणखी एक वाट कल्याणने दाखवली होती, ती म्हणजे मोठा दाताच नको. शरणांनी कायक आणि दासोह सांगितले. प्रत्येकाने आपल्या हाताने कमवायचे आणि त्यातून सगळ्यांच्या पंगतीत घालायचे. त्यांच्या चर्चासभेत, म्हणजे अनुभव मंटपात, अल्लमप्रभू अध्यक्षस्थानी असत आणि ते पुष्कळदा आपल्याच माणसांचे मत उलटसुलट तपासत. अक्कमहादेवीलाही त्यांनी सहज आत घेतले नाही, प्रश्नांवर प्रश्न विचारले, अशी परंपरा आहे. दात्याचा दबाव टाळायचा तर याहून चोख तोड नाही. पण बाराव्या शतकातल्या त्या लोकांची धग सगळ्या काळांत सापडत नाही. आपल्यासारख्या मध्यम मगदुराच्या काळाला दाताही लागतो आणि करारपत्रही.

मराठी मुलखात अशा दानाचे सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे खानदेशातले अमळनेर. तिथले गिरणीमालक मोतीलाल माणेकचंद, ज्यांना सगळे प्रतापशेठ म्हणत, यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढले. कापसाच्या पेठेत, सुताच्या गिरणीच्या नफ्यावर, अद्वैत वेदान्ताच्या संशोधनासाठी संस्था! फेलोंना मानधन, राहायला जागा, ग्रंथालय, आणि करायचे काय तर विचार. एम.ए. झाल्यावर साने गुरुजी काही काळ याच संस्थेत होते. मग ते तिथल्या शाळेत शिक्षक झाले आणि मराठी वाचकाला अमळनेर त्या शाळेमुळे ठाऊक झाले, मंदिरामुळे नाही.

प्रतापशेठ स्वतः अद्वैताचे भक्त होते. संस्था कोणत्या सिद्धान्तासाठी आहे हे त्यांनी लपवले नव्हते. माझ्या कसोटीने पाहिले तर पहिल्या फटक्यात ती नापास व्हायला हवी. पण आत काय घडले ते पाहा. १९३० साली कृष्णचंद्र भट्टाचार्यांचे 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम' इथून प्रकाशित झाले. 'मी' हा कधीच वस्तू म्हणून हाती लागत नाही, यावरचे ते छोटे पण कमालीचे कठीण पुस्तक. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञानावर कोणी लिहायला बसले की आजही ते टाळता येत नाही. भट्टाचार्य पुढे काही काळ संस्थेचे संचालकही होते. घनश्यामदास मलकानी तिथे दीर्घकाळ राहिले आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक त्यांनी चालवले. परदेशातल्या विद्यापीठांतले लोक अमळनेरच्या पत्त्यावर लेख पाठवू लागले.

मला सगळ्यांत आवडते ते १९३३ सालचे पुस्तक, 'अज्ञान'. लेखक तीन: मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती. तिघेही त्याच संस्थेचे, त्याच पगारावरचे. विषय अद्वैताचा कणा. अज्ञान म्हणजे नुसते ज्ञानाचे नसणे, की ते स्वतःच काहीतरी आहे? असेल तर कोणाला आहे, कुठे राहते? तिघांनी आपापली मांडणी केली आणि ती एकमेकांशी जुळत नाही. शेठजींच्या लाडक्या सिद्धान्ताच्या मुळावरच शेठजींच्या फेलोंनी तीन तोंडांनी वाद घातला आणि संस्थेने तो एका बांधणीत छापला. हेच मूर्ती पुढे बनारसला गेले आणि १९५५ साली त्यांनी नागार्जुनाच्या माध्यमिक मतावर 'द सेंट्रल फिलॉसॉफी ऑफ बुद्धिझम' लिहिले. अद्वैताच्या पैशावर घडलेला माणूस बौद्ध शून्यवादाचा भाष्यकार झाला. कोणी तपासनीस याला पैसा भलतीकडे गेला असे म्हणेल. माझ्या वहीत ही जमेची बाजू आहे.

अमळनेरचे उणे दुसरीकडे आहे. लेखन बहुतेक इंग्रजीत झाले, त्यामुळे मंदिराच्या भिंतीपलीकडच्या अमळनेरकराला त्यातले काही मिळाले नाही. आणि एका घराण्याच्या, एका धंद्याच्या पैशावर उभी संस्था त्या धंद्याच्या नशिबाला बांधली जाते. त्रैमासिक साठच्या दशकात थांबले. पुढे १९७३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने, सुरेंद्र बारलिंगे यांच्या पुढाकाराने, 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' म्हणून त्याचा नवा जन्म घडवला. त्यात प्रताप तत्त्वज्ञान केंद्राचाही सहभाग होता.

हीच कसोटी परदेशातल्या दात्यांनाही लावून पाहू. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅडम गिफर्ड नावाच्या न्यायाधीशाने १८८५च्या मृत्युपत्रात ऐंशी हजार पौंड चार विद्यापीठांना ठेवले. विषय होता ईश्वर आणि अंतिम सत्य. पण न्यायाधीशच तो, कलमे नीट घातली. व्याख्याता कोणत्याही धर्माचा असो, कोणताच धर्म न मानणारा असो, त्याच्याकडून कसलीही शपथ घ्यायची नाही. देव मानणाऱ्याने देव न मानणाऱ्याच्या मानधनाची सोय करून ठेवली. १९२७-२८ साली तत्त्वज्ञ व्हाइटहेडने एडिंबराला या मालेत भाषणे दिली तेव्हा ती इतकी अवघड होती, की श्रोते गळत गळत मूठभर उरले. त्याच भाषणांचा 'प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी' हा ग्रंथ झाला. खुर्च्या मोजून हिशेब केला असता तर ती व्याख्यानमाला बुडीत खात्यात गेली असती.

अमेरिकेत जन्मलेल्या जॉन टेम्पलटनचे उदाहरण इतके सरळ नाही. गुंतवणुकीत अमाप पैसा मिळवून त्याने १९७२ साली पारितोषिक ठेवले आणि रक्कम नोबेलपेक्षा जास्त राहील याची तजवीज केली. १९८७ साली प्रतिष्ठान काढले. आपल्याकडे बाबा आमट्यांना १९९० साली आणि पांडुरंगशास्त्री आठवल्यांना १९९७ साली ते पारितोषिक मिळाले. विश्वाचे मूळ, इच्छास्वातंत्र्य, काळ असल्या प्रश्नांवर काम करणाऱ्यांना या प्रतिष्ठानाएवढा खाजगी पैसा क्वचितच कोणी दिला असेल. तक्रार अशी आहे, की उत्तर कोणते द्या हे ते सांगत नाहीत, पण विज्ञान आणि धर्म यांचे जमते असे दाखवणाऱ्या प्रश्नांकडे पाट वळवतात. मला तक्रारीत अर्धे तथ्य वाटते. प्रश्न निवडणे हीसुद्धा सत्ता आहे. पण ती सत्ता मधुसूदनाकडेही होती. त्याने मीमांसा निवडली, बौद्ध वा जैन दर्शन निवडले नाही. दाता संपूर्ण निःपक्ष असावा ही अपेक्षा फोल आहे. निवडलेल्या आवारात तरी त्याने दुसऱ्या बाजूला पंगतीतून उठवू नये, एवढे मागता येते.

आता आजच्या सीमाभागाकडे येऊ. पैसा नाही असे कोणी म्हणू नये. बिदर, भालकी, कलबुर्गी, पलीकडे उदगीर, लातूर. खाजगी संस्थांची इंजिनिअरिंगची, मेडिकलची, नर्सिंगची कॉलेजे उभी आहेत आणि त्यांनी पिढ्या घडवल्या. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेल्या दुसऱ्या एका घराण्याचा, प्रेमजींचा, पैसा आज कलबुर्गी-यादगीरच्या शालेय शिक्षणात येतो. हे सगळे मोजता येणारे दान आहे आणि चांगले आहे. बसवकल्याणला नव्या अनुभव मंटपाची कोनशिला २०२१ साली बसली. ते काम सरकारी आणि शेकडो कोटींचे. वास्तू भव्य होईल. तिथे अल्लमप्रभूंच्या जागी बसून आपल्याच माणसांना आडवे प्रश्न विचारणाऱ्याचे वर्षासन कोणत्या खात्यातून निघेल, हे मात्र मला कोणी सांगितलेले नाही.

दुसरा आक्षेप खाजगी दानाच्या त्या पहिल्या आक्षेपाहून जड आहे. तुरीचे पीक वाळते, पोरे पुण्या-मुंबईला आणि हैदराबादला मजुरीला जातात, आणि तुम्ही अभाव खरा की खोटा यावर पैसा घालायला सांगता? याला माझे उत्तर बचावाचे नाही, भावाचे आहे. हा सगळा प्रकार स्वस्त आहे. प्रयोगशाळा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत, इमारत तर मुळीच नको. दोन-चार माणसांचा सुखाचा जेवणखर्च, ग्रंथ, आणि त्यांना कोणी घाई करणार नाही याची हमी. एका लग्नाच्या मांडवात इथे जेवढे उडते तेवढ्यात दोन अभ्यासकांची तीन वर्षे निघतील. दुष्काळाच्या पैशातून हे काढा असे मी म्हणत नाही, मांडवाच्या पैशातून काढा म्हणतो.

हुमनाबादजवळ माणिकनगरला सकलमत संप्रदाय आहे. सगळी मते आपली मानणे ही मोठी गोष्ट आहे आणि या बहुभाषी, बहुधर्मी भागाला तिने पुष्कळ शांतता दिली. मी मागतो आहे ते वेगळे आहे: मते आपली मानण्याआधी त्यांना एकमेकांवर आपटू देणे, आणि आपटणाऱ्या दोघांनाही जेवू घालणे.

म्हणून या भागातल्या ट्रस्टींना, साखर कारखानदारांना, परदेशी नोकरी करून गावाकडे काही करावे म्हणणाऱ्या मुलांना ही विनंती. बिदरला किंवा कलबुर्गीला, एखाद्या चालू कॉलेजच्या ग्रंथालयाला जोडून, दोन अभ्यासवृत्त्या ठेवा. दोघांनी एकाच प्रश्नावर तीन वर्षे काम करावे आणि वर्षातून एकदा लोकांसमोर वाद करावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. लिहिलेले एका बांधणीत छापावे. पैसा धंद्याच्या नफ्यातून दरसाल द्यायचा असे ठेवू नका, मुद्दल एकदाच बाजूला काढून त्याच्या व्याजावर चालवा. तिसरा पगार ग्रंथपालाला द्या. आणि ट्रस्टच्या करारपत्रात वकिलाकडून एक कलम मुद्दाम घालून घ्या, की दोघांपैकी एकाचे मत संस्थापकाच्या मताविरुद्ध असलेच पाहिजे आणि त्या कारणाने त्याची वृत्ती विश्वस्तांना थांबवता येणार नाही.